अपालाचिकोलाच्या पाइनवनात जायचे आहे : रानवाटा, नद्या आणि दंतकथा यांविषयी माहिती हवी

पायवाट (प्रश्न) :

नमस्कार. आम्ही अटलांटाजवळ राहतो. सह्याद्रीत वाढल्यामुळे चढ लागल्याशिवाय भटकंती झाल्यासारखे वाटत नाही, म्हणून आजवर उत्तर जॉर्जियातील डोंगरच पालथे घातले. दक्षिणेकडची पाइनची सपाट वने फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे जाताना गाडीच्या खिडकीतून जेवढी दिसली तेवढीच. आता टॅलाहासी शहराच्या नैर्ऋत्येस पसरलेले अपालाचिकोला राष्ट्रीय वन सवडीने पाहावे असा विचार आहे. सुमारे ६ लाख ३० हजार एकरांचे हे वन १९३६ साली स्थापन झाले आणि फ्लोरिडातील राष्ट्रीय वनांमध्ये ते सर्वांत मोठे आहे, एवढे वाचले आहे.

मला प्रामुख्याने तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या वनातील ब्रॅडवेल बे नावाच्या संरक्षित निबिड भागातून फ्लोरिडा ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट जाते. ती सर्वसाधारण चालणाऱ्याला झेपते का? दुसरे, वल्हवण्याचा बेताचाच अनुभव असलेल्यांनी कोणत्या नदीत होडी घालावी? तिसरे, ‘टेटचा नरक’ आणि ‘वकुलाचा ज्वालामुखी’ या दोन कथांचा उल्लेख सर्वत्र आढळतो, पण त्यांत तथ्य किती आणि मीठमसाला किती, ते कुणी नीट सांगत नाही. सोबत माझे सासरे असतील. त्यांनी सत्तरी ओलांडली असली तरी चालण्यात ते आम्हाला मागे टाकतात. मुलगी बारा वर्षांची आहे. थँक्सगिव्हिंगची सुट्टी किंवा एप्रिल, असे दोन पर्याय आमच्यापुढे आहेत.

वनरेषा :

मी टॅलाहासीत बरीच वर्षे राहतो आणि या वनात वरचेवर जातो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मात्र त्याआधी जमिनीविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण तुमचे बाकीचे दोन्ही प्रश्नही शेवटी तिथेच येऊन मिळतात. इथे डोंगर नसल्यामुळे एक-दोन फुटांचा चढउतारही सगळे चित्र पालटून टाकतो. वाळूच्या किंचित उंचवट्यावर लाँगलीफ जातीचे पाइन विरळ अंतराने उभे असतात आणि त्यांच्याखाली वायरग्रास नावाचे बारीक, ताठ गवत असते; दोन फूट खाली उतरलात की ओलसर माळ लागतो; आणखी खाली टायटी या झुडपाची अशी दाटी होते की हात पुढे केला तर पंजा दिसत नाही; आणि सर्वांत खोलगट जागी सायप्रस व ट्युपेलोची झाडे बारमाही पाण्यात उभी असतात. हे चारही प्रकार कधीकधी पाच मिनिटांच्या चालीत भेटतात.

लाँगलीफ पाइन हा आगीच्या आधाराने टिकलेला वृक्ष आहे. त्याचे रोप पहिली काही वर्षे उंच वाढतच नाही. जमिनीलगत राहून ते मूळ खोल नेते, आणि वरून आग निघून गेली तरी लांब सुयांच्या दाट वेढ्यात मधला कोंब शाबूत राहतो. पूर्वी विजेमुळे आणि मूळ रहिवाशांच्या हातून हे माळ वारंवार जळत असत. युरोपीय वसाहती होण्यापूर्वी अमेरिकेच्या आग्नेय भागात या वृक्षाची सुमारे ९ कोटी एकर वने होती. तोड, टर्पेंटाइनसाठी राळ काढण्याचा धंदा आणि त्यानंतर आग सरसकट विझवत बसण्याचे धोरण यांमुळे त्यांतली जेमतेम काही टक्के उरली. आपल्याकडे वनखाते जाळरेषा काढते ती वणवा अडवण्यासाठी. इथले वनखाते मात्र साधारण दर दोन-तीन वर्षांनी एकेका तुकड्याला स्वतःच्या हाताने आग लावते, कारण तसे न केल्यास टायटी आणि ओक वर चढतात, पाइनची रोपे सावलीत खुंटतात आणि वायरग्रासला बीही धरत नाही. त्यामुळे बुंधे काळे पडलेले आणि जमीन राखेने माखलेली दिसली तर हळहळू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर जळलेला तुकडा काही आठवड्यांत हिरवागार होतो.

झाडांच्या खोडावर पांढरा पट्टा रंगवलेला दिसला, तर तिथे गाडीतून अवश्य उतरा. लाल कलगीचा म्हणवला जाणारा सुतारपक्षी (ती लाल रेघ नराच्या डोक्यावर असते आणि बहुधा दिसतच नाही) जिवंत पाइनमध्ये ढोली कोरतो, तिची ती खूण असते. बाकीचे सुतारपक्षी वठलेले लाकूड पसंत करतात. हा पक्षी मात्र जुन्या, बहुधा ऐंशी वर्षांपुढच्या, आतून बुरशीने मऊ झालेल्या जिवंत झाडाची निवड करतो आणि एका ढोलीसाठी वर्षानुवर्षे राबतो. ढोलीभोवती तो लहान छिद्रे पाडून राळ वाहती ठेवतो. ती ओघळून खोड चिकट आणि पांढुरके होते, आणि झाडावर चढणाऱ्या रॅट स्नेकला वर सरकता येत नाही. या पक्ष्याची जगातील सर्वांत मोठी संख्या याच वनात आहे. २०२४ साली त्याची नोंद ‘नष्टप्राय’ या वर्गातून एक पायरी खाली, ‘धोक्यात असलेल्या’ वर्गात आणण्यात आली, आणि त्याचे मोठे श्रेय या नियमित आगीला आहे.

आता ब्रॅडवेल बे. सुमारे २४,६०० एकरांचा हा दलदलीचा भाग १९७५ पासून निबिड अरण्य म्हणून राखीव आहे, म्हणजे तिथे रस्ता नाही, यंत्र नाही आणि पूलही नाही. पायवाट आहे, झाडांवर नारिंगी खुणाही आहेत. परंतु मधल्या टप्प्यात ती खुशाल पाण्यात शिरते. कोरड्या ऋतूत पाणी गुडघ्याला लागते, पावसानंतर कमरेला लागते, आणि तळाशी बुडालेली मुळे व ओंडके दिसत नाहीत. लाकूडतोड्यांच्या तावडीतून सुटलेले जुने, भव्य स्लॅश पाइन या दलदलीच्या पोटात अजून उभे आहेत, आणि ते पाहण्याचा मोह मी समजू शकतो. तरीही सत्तरीच्या गृहस्थांना आणि बारा वर्षांच्या मुलीला घेऊन हा टप्पा आरपार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कडेच्या पाइनच्या माळावरून दलदलीच्या तोंडापर्यंत जावे आणि परत फिरावे. नोव्हेंबरच्या मध्यापासून बंदुकीच्या शिकारीचा हंगामही सुरू होतो; थँक्सगिव्हिंगला आलात तर प्रत्येकाच्या अंगावर भडक नारिंगी जाकीट हवेच.

काळेपाणी :

वनरेषा यांनी जमिनीचे सांगितले, मी पाण्याचे सांगतो. या परिसरात तीन तऱ्हांचे पाणी आहे, आणि त्यांतला फरक ओळखता आला तर नदी निवडणे सोपे जाते.

पहिले काळे पाणी. सोपचॉपी आणि न्यू रिव्हर या वनातल्याच दलदलीतून उगम पावतात. कुजणाऱ्या पानांतले टॅनिन उतरल्यामुळे त्यांचे पाणी ओंजळीत घेतले तर कोऱ्या चहासारखे दिसते आणि डोहात काळेभोर वाटते. ते घाण नसते, गाळ तर जवळजवळ नसतोच. सोपचॉपीचा वरचा भाग अरुंद आणि नागमोडी आहे. दोन्ही काठांना सायप्रसची गुडघ्याएवढी वर आलेली मुळे असतात, वळणांच्या आतल्या अंगाला पांढऱ्या वाळूचे पुळणवजा पट्टे असतात. पाणी कमी असले की आडव्या पडलेल्या खोडांवरून होडी उचलून न्यावी लागते, आणि जोराचा पाऊस झाला की हीच नदी पाहता पाहता फुगते. पातळीचे आकडे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर रोज मिळतात. ते पाहिल्याशिवाय निघू नका. बेताच्या अनुभवाला सोपचॉपी गावाच्या खालचा भाग उत्तम आहे, कारण तिथे पात्र रुंद होते, अडथळे संपतात आणि समुद्राच्या भरती-ओहोटीचा हलका परिणाम जाणवू लागतो. ओहोटीबरोबर खाली जावे आणि भरतीबरोबर परतावे. ओक्लॉकनी नदी याहून मोठी आहे, पण तिच्यावर वरच्या बाजूला धरण असल्यामुळे तिची पातळी निव्वळ पावसावर ठरत नाही.

दुसरे पाणी वनाच्या पश्चिम सीमेवरचे, खुद्द अपालाचिकोला नदीचे. ही मातकट, गाळ वाहणारी, मोठी नदी आहे आणि अटलांटाकरांचा तिच्याशी रोजचा संबंध आहे: तुमच्या नळाला येणारी चॅटाहूची नदी फ्लोरिडाच्या सीमेवर फ्लिंट नदीला मिळते आणि त्या संगमापासून पुढे तिला अपालाचिकोला म्हणतात. वर जॉर्जियाने किती पाणी उचलावे, यावरून फ्लोरिडाने २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. कृष्णेच्या लवादाच्या बातम्या वाचत मोठे झालेल्यांना यातले युक्तिवाद अगदी ओळखीचे वाटतील. दरम्यान अपालाचिकोलाच्या खाडीतल्या कालवांची (ऑयस्टर या शिंपल्यांची) इतकी दुर्दशा झाली की तेथील नैसर्गिक कालवांची पकड २०२० च्या अखेरीस पाच वर्षांसाठी बंद करावी लागली. या नदीच्या पूरमैदानात ट्युपेलोची झाडे एप्रिलच्या सुमारास फुलतात. मधपाळ त्या दिवसांत पेट्या नदीकाठी आणून ठेवतात, आणि तो फिकट मध सहसा दाणेदार होऊन बसत नाही. गावातून एक बाटली जरूर घ्या.

तिसरे पाणी दिसत नाही. वनाच्या पूर्व भागात वाळूखाली चुनखडक आहे, आणि फिशर क्रीक, लॉस्ट क्रीक असे ओढे चांगले वाहता वाहता एखाद्या विवरात शिरून नाहीसे होतात. लिऑन सिंक्स या ठिकाणी अशी विवरे पाहण्यासाठी आखलेली वर्तुळाकार पायवाट आहे. तुमच्या सासऱ्यांसाठी आणि मुलीसाठी मी ब्रॅडवेलच्या ऐवजी तीच सुचवीन. २००७ साली पाणबुड्यांनी या विवरांखालच्या गुहा वकुला स्प्रिंग्जच्या गुहांना जोडलेल्या आहेत, हे प्रत्यक्ष आतून पोहत जाऊन दाखवून दिले. वकुलाच्या झऱ्यावर उद्यानाच्या होड्या असतात. त्यांत बसून मगरींची भावंडे म्हणता येतील असे अ‍ॅलिगेटर अगदी जवळून, पण सुरक्षितपणे पाहता येतात.

पायवाट :

दोघांचेही मनापासून आभार. ब्रॅडवेलचा आरपार बेत रद्द करतो. आता दंतकथांविषयी कुणी लिहील का? शिवाय ‘टेटचा नरक’ या वनातच आहे की बाहेर, तेही मला नकाशावरून उमगलेले नाही.

जुनीपोथी :

तो बाहेर आहे, पण अगदी लागून. राष्ट्रीय वनाच्या दक्षिणेला, कॅराबेल गावापर्यंत, दोन लाख एकरांहून मोठे टेट्स हेल राज्य वन आहे. प्रचलित कथा अशी : १८७५ साली सीबी टेट नावाचा शेतकरी, आपली गुरे मारणाऱ्या पँथरचा माग काढत, बंदूक आणि शिकारी कुत्रे घेऊन या दलदलीत शिरला. त्याची वाट चुकली, त्याला साप चावला, गढूळ पाणी पिऊन त्याने सात दिवस आणि सात रात्री काढल्या आणि अखेर कॅराबेलजवळच्या मोकळ्या जागी तो बाहेर पडला. “माझे नाव सीबी टेट, आणि मी आत्ताच नरकातून आलो आहे,” एवढे बोलून त्याने प्राण सोडला. सात दिवस, सात रात्री आणि मरतानाचे ते नेमके वाक्य हा सांगणाऱ्यांच्या परंपरेचा भाग मानावा. पँथरचा भाग मात्र पूर्ण पटण्याजोगा आहे. आज ती जात दक्षिण फ्लोरिडापुरती उरली असली तरी त्या काळी ती इथेही होती.

मला यापेक्षा लक्षणीय वाटते ते असे, की ब्रॅडवेल बे हे नावही, स्थानिक समजुतीप्रमाणे, तिथे हरवलेल्या एका शिकाऱ्याचेच आहे. शेजारशेजारच्या दोन दलदली, आणि दोन्ही हरवलेल्या माणसांच्या नावाने ओळखल्या जातात. कोकणात रात्री ओळखीच्या वाटेवर माणूस गोलगोल फिरत राहिला तर चकवा लागला म्हणतात आणि त्याचा दोष भुताला देतात. इथे भुताची गरजच पडली नाही. चढ नाही, उतार नाही, दूरचे काही दिसत नाही, वाहत्या पाण्याला स्पष्ट दिशा नाही. सूर्य ढगाआड गेला की अनुभवी माणसालाही बाहेर पडायचा मार्ग उरत नाही. टेटच्या कथेत अद्भुत असे काही नाही, आणि म्हणूनच ती मला इथल्या सर्व कथांमध्ये विश्वासार्ह वाटते. कागदाच्या कंपन्यांनी पुढे विसाव्या शतकात तिथे चर खोदून दलदल उपसली आणि स्लॅश पाइनची लागवड केली; आता राज्य सरकार तेच चर बुजवून पाणी पुन्हा मुरवू पाहत आहे. तिथल्या लाकडी पुलावरून खुजे सायप्रस पाहता येतात. दीडशे वर्षांहून अधिक वयाची झाडे, आणि उंची पंधरा फुटांच्या आसपास.

वकुलाच्या ज्वालामुखीचे प्रकरण निराळे आहे. एकोणिसाव्या शतकात टॅलाहासीच्या आग्नेयेकडील दलदलीतून दिवसा धुराचा स्तंभ आणि रात्री लालसर उजेड दिसतो, असे अनेकांनी नमूद केले. चोरटी दारू गाळणारे, गुलामगिरीतून पळालेले लोक, यादवी युद्धातील फरारी सैनिक, चाचे, असे सर्वांवर संशय घेऊन झाले. ३१ ऑगस्ट १८८६ च्या चार्ल्सटनच्या भूकंपानंतर धूर थांबला, असे सांगतात. फ्लोरिडाखाली सगळा चुनखडक असल्याने ज्वालामुखीचा प्रश्नच येत नाही. दलदलीतील कुजट वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, एकदा पेटला की जमिनीखाली दीर्घकाळ धुमसत राहतो. माझ्या मते तेच खरे कारण असावे.

वनरेषा :

जुनीपोथी यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे, पण पीटची आग एकाच ठिकाणी पिढ्यानपिढ्या धुमसते हे मला पटत नाही. मुसळधार पावसाने दलदल भरली की ती विझते. मला वाटते, वेगवेगळ्या वर्षांच्या वेगवेगळ्या आगी, त्यांत माळावरचे नेहमीचे वणवेही आले, लोकांनी एकाच धुराच्या नावावर जमा केल्या. जिथे दरवर्षी कुठे ना कुठे धूर निघतोच, तिथे असे होणे स्वाभाविक आहे.

कथांच्या गर्दीत एक जागा मागे राहू नये. वनाच्या नैर्ऋत्य भागात, सुमात्रा गावाच्या जवळ, अपालाचिकोला नदीच्या काठी प्रॉस्पेक्ट ब्लफ आहे. फ्लोरिडा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. १८१४ साली इंग्रजांनी तिथे कोट बांधला, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना शस्त्रे दिली, आणि १८१५ मध्ये निघून जाताना तोफा-दारूगोळा तिथेच ठेवला. स्वतंत्र झालेल्या या लोकांनी तो कोट राखला आणि नदीकाठी वस्ती केली. सीमेपलीकडच्या मळेवाल्यांना ते सलत होते. २७ जुलै १८१६ रोजी अमेरिकी नौदलाच्या होडीवरून भट्टीत लाल केलेला तोफगोळा डागला गेला, तो दारूच्या कोठारावर पडला आणि आतल्या सुमारे ३२० माणसांपैकी २७० च्या आसपास, त्यांत बायका-मुलेही होती, क्षणात मेली. दोन वर्षांनी त्याच जागी फोर्ट गॅड्सडेन उभा राहिला. ऑक्टोबर २०१८ च्या मायकेल चक्रीवादळात इथली झाडे उन्मळली, तेव्हा मुळांखालच्या मातीतून जुन्या वस्तू वर आल्या. तटबंदीचे मातीचे उंचवटे तेवढे उरले आहेत. राजगड-रायगडाच्या अपेक्षेने गेलात तर तिथे पाहण्यासारखे काही नाही असे वाटेल. मी स्वतः टेटच्या कथेपेक्षा हीच गोष्ट मुलीला आधी सांगेन.

गळ आणि दोरी :

एप्रिल की नोव्हेंबर, या प्रश्नावर कुणी नीट लिहिले नाही, म्हणून लिहितो. एप्रिलमध्येच या. दोन कारणे आहेत.

एक, सुमात्राच्या बाजूने जाणाऱ्या ६५ क्रमांकाच्या राज्यमार्गालगतच्या ओल्या माळांवर पिवळ्या घटपर्णी तेव्हा फुललेल्या असतात. माती इतकी निकस आहे की या वनस्पतींना नत्रासाठी कीटक पकडावे लागतात. कासच्या पठारावर सीतेची आसवे आणि दवबिंदू ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यांचेच नातेवाईक इथे पायाशी सापडतील. फक्त कासला खडकावरचे पाणी असते आणि इथे वाळूतले.

दुसरे, सोपचॉपीत एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी गांडुळांचा उत्सव भरतो. हसू नका. गळाला लावण्यासाठी गांडुळे काढणे हा इथला पिढीजात धंदा आहे आणि वनात तो करायला परवाना लागतो. माणूस गुडघ्यांवर बसतो, लाकडी खुंटी जमिनीत ठोकतो आणि तिच्या डोक्यावरून लोखंडाची जड, सपाट पट्टी दाबून ओढतो. घशातून गुरगुरल्यासारखा आवाज निघतो आणि त्याची कंपने बुटाच्या तळव्यांतून पोटरीपर्यंत जाणवतात. थोड्याच वेळात आजूबाजूच्या गवतातून वीतभर लांबीची जाडजूड गांडुळे घाईघाईने वर येतात. ती उचलून डब्यात टाकायची. नुकत्याच जाळलेल्या माळावर हे काम सर्वांत सोपे, कारण गवत आड येत नाही. गांडुळे का पळतात, याचे उत्तर केनेथ कटेनिया या जीवशास्त्रज्ञाने २००८ साली इथेच प्रयोग करून दिले : जमिनीखाली बिळे करत गांडुळे खाणारा मोल नावाचा प्राणी जवळ आला की माती जशी थरथरते, तशीच थरथर खुंटीमुळे होते, आणि मोल सहसा जमिनीवर येत नसल्यामुळे गांडुळे वर पळून जीव वाचवू पाहतात. डार्विननेही १८८१ मध्ये जमीन हादरवल्यास गांडुळे वर येतात ही समजूत नोंदवून ठेवली होती.

फक्त मेपर्यंत लांबवू नका. त्यानंतर पिवळ्या माश्या चावून नको नको करून सोडतात.

पायवाट :

एप्रिल नक्की केला. पहिला दिवस लिऑन सिंक्स आणि वकुलाचा झरा, दुसरा दिवस सोपचॉपीचा उत्सव आणि गावाखालचे होडीचे अंतर, तिसरा दिवस सुमात्रामार्गे प्रॉस्पेक्ट ब्लफ आणि परतताना टेट्स हेलचे खुजे सायप्रस, असा क्रम लावला आहे. यात काही खटकते का?

काळेपाणी :

क्रम ठीक आहे. फक्त तिसऱ्या दिवशी टाकी भरून घ्या, कारण ६५ क्रमांकाच्या रस्त्यावर पेट्रोलपंप विरळ आहेत आणि वनात शिरल्यावर मोबाइलची रेंज भरवशाची नसते. प्रॉस्पेक्ट ब्लफचा रस्ता आणि फाटक उघडे आहे का, हे ब्रिस्टलच्या वनकार्यालयात आदल्या दिवशी विचारा. सोपचॉपीच्या बाजूसाठी क्रॉफर्डव्हिलचे कार्यालय आहे. त्याच वेळी त्या आठवड्यात कोणते तुकडे जाळायचे ठरले आहे तेही विचारून घ्या, म्हणजे धुरामुळे ऐनवेळी रस्ता बदलावा लागणार नाही. कागदी नकाशा तिथेच मिळतो.